शाळा सुटते, पण शिक्षक कधी सुटतात?

वह्यांचा गठ्ठा

मी माध्यमिक शाळेत भाषा शिकवते. यंदा १९ वर्षं पूर्ण झाली.

गेल्या शनिवारी दुपारी शाळेत शिक्षकांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा झाली. म्हणजे आमच्या सुट्टीतलीच अर्धी दुपार गेली. शिकवायला आलेल्या ताई मनापासून बोलत होत्या, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि माझ्या डोळ्यांसमोर कपाटावर रचलेल्या वह्या आल्या. ४ तुकड्या, प्रत्येकीत ४२ मुलं, म्हणजे १६८ वह्या. एका वहीला ३ मिनिटं धरली तरी ५०४ मिनिटं होतात. जवळजवळ साडेआठ तास. हे तास माझ्या वेळापत्रकात कुठेच नाहीत. ते माझ्या रात्रींमधून आणि रविवारातून जातात.

त्यावर पाठ टाचण, प्रश्नपत्रिका, निकालपत्रक, स्नेहसंमेलनाचा सराव, गैरहजर शिक्षकांचे बदली तास आणि रात्री साडेदहापर्यंत वाजणारा पालकांचा ग्रुप. परवा माझी मुलगी मला तिच्या मैत्रिणीबद्दल काहीतरी सांगत होती. मध्येच थांबून म्हणाली, "आई, तू ऐकतेयस की नुसतं हं हं करतेयस?" मी नुसतं हं हं करत होते. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एकच आहे. शिक्षकाला बरं वाटायला हवं असेल तर त्याच्या डोक्यावरचं एखादं काम खाली उतरवलं पाहिजे. ओझं तेवढंच ठेवून ते पेलायचं तंत्र शिकवलं, तर थकवा जात नाही. वर आपल्यालाच तंत्र जमत नाही अशी खंत लागते.

तुमच्या शाळेत खरोखर काही कमी झालं असेल, मग ते कितीही लहान असो, तर इथे लिहा. "स्वतःसाठी वेळ काढा" हे कृपया नको. तो कुठून काढायचा, हाच प्रश्न आहे.

तिसरा बाक

अगदी मनातलं लिहिलंत. मी गणिताची. माझ्याकडे वह्या १९० आहेत. वाचत राहीन.

कोरा कागद

मी शिक्षक नाही, पालक आहे. राग मानू नका, पण मनात येतं ते विचारतो. शाळा पाच-सहा तासांची असते. वर्षातून मोठी सुट्टी मिळते. इतर नोकऱ्यांत लोक दहा-दहा तास बसतात. मग शिक्षकांनाच वेळ पुरत नाही असं का होतं? खोचकपणे विचारत नाहीये, मला खरंच समजून घ्यायचंय.

वह्यांचा गठ्ठा

राग अजिबात नाही. सरळ विचारलंत ते बरं झालं, कारण हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो आणि तोंडावर कोणी विचारत नाही.

डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक मुद्दा मांडला होता. आपण सगळेच विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहत मोठे होतो, त्यामुळे हे काम आपल्याला माहीत आहे असं वाटतं. पण आपण ते बाकावरून पाहिलेलं असतं. तासाच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार, हे बाकावरून दिसत नाही.

आकड्यांत सांगते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) २०१८ मध्ये अनेक देशांतल्या शिक्षकांची पाहणी केली. जपानमधल्या निम्न माध्यमिक शिक्षकांनी आपला आठवडा सरासरी ५६ तासांचा असल्याचं सांगितलं. पाहणीतल्या देशांमध्ये तो सगळ्यात लांब होता. आणि त्यातले प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती? फक्त १८. एकूण सरासरीपेक्षाही कमी! बाकीचा वेळ तयारी, तपासणी, कार्यालयीन कामं आणि मुलांचे क्लब यांत जात होता. म्हणजे तुम्ही मोजलेले पाच-सहा तास खरेच आहेत, पण ते कामाचा दिसणारा भाग आहेत.

आणखी एक. दुकानात किंवा कार्यालयात माणूस दोन मिनिटं उठून पाणी पिऊन येऊ शकतो. वर्गात ४२ मुलं सोडून मला तसं उठता येत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी मधल्या सुट्टीपर्यंत पाणीच पीत नाहीत, कारण मग बाहेर जावं लागेल. त्यावर दिवसभर आवाज चढवून बोलायचं. शिक्षकांमध्ये घशाच्या आणि आवाजाच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळतात, त्यात नवल नाही.

कोरा कागद

पाण्याचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. समजावून सांगितल्याबद्दल आभार.

पालकांच्या ग्रुपबद्दल मात्र मीही दोषी आहे. मी घरी येतो आठनंतर, तेव्हाच मुलाची वही बघतो आणि तेव्हाच प्रश्न पडतो. लगेच उत्तर पाहिजे असं नसतं. पण समोरच्याला ते कसं कळणार, हा विचार केला नव्हता.

वेळापत्रकवाली

मी पर्यवेक्षक आहे, गेली ७ वर्षं शाळेचं वेळापत्रक मी बनवते. या धाग्यात टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त धुसफूस पगारावरून किंवा वह्यांवरून होत नव्हती. ती बदली तासांवरून होत होती. कोणी रजेवर गेलं की सकाळी मी स्टाफरूममध्ये जायचे आणि ज्यांचा ऑफ तास असेल त्यांना वर्गावर पाठवायचे. मला वाटायचं, तास मोकळाच आहे, काय बिघडलं? एकदा विज्ञानाचे एक सर माझ्याकडे आले. शांतपणे म्हणाले, "मॅडम, या महिन्यात माझे ११ ऑफ तास गेले. मी ते मोकळे नव्हते धरले, पेपर तपासणीसाठी धरले होते. ते पेपर आता मी घरी तपासतोय आणि आई आजारी आहे." मी नोंदवही काढून पाहिली. ११ बरोबर होते. आणि एका दुसऱ्या शिक्षिकेचे होते २. मी मुद्दाम केलं नव्हतं. सरांचा स्वभाव नाही म्हणण्याचा नव्हता, म्हणून सकाळच्या घाईत माझी पावलं त्यांच्याकडेच वळत होती.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. प्रत्येकाचे आठवड्यातले दोन ऑफ तास लागून ठेवले आणि वेळापत्रकात त्यांवर "तपासणी" असं छापलं. ते कोणत्याही कारणाने घ्यायचे नाहीत, मुख्याध्यापकांनी बोलावलं तरी नाहीत. सुटा एक तास तपासणीच्या फारसा उपयोगाचा नसतो. स्टाफरूमपर्यंत जाऊन गठ्ठा सोडेपर्यंत त्यातली दहा मिनिटं जातात. दुसरं म्हणजे बदली तासांचा तक्ता भिंतीवर लावला, सगळ्यांना दिसेल असा. आणि एका दिवशी दोनपेक्षा जास्त शिक्षक रजेवर असतील तर दोन तुकड्या एकत्र करून ग्रंथालयात वाचनाला बसवतो. पहिल्या वेळी गोंधळ झाला, मग मुलांना सवय लागली.

शब्दाचा परिणाम किती होतो ते मला यात कळलं. "ऑफ" लिहिलं होतं तेव्हा तो तास कुणीही उचलत होतं. "तपासणी" लिहिल्यावर मलाच हात लावायला संकोच वाटायला लागला.

तिसरा बाक

भिंतीवरचा तक्ता! आमच्याकडे बदली तासांची वही मुख्याध्यापकांच्या खणात असते. कुणाचे किती गेले हे विचारायलाही भीती वाटते.

नवी हजेरी

नमस्कार. इथे कायम वाचते, पहिल्यांदा लिहितेय. माझं नोकरीचं दुसरं वर्ष. मी सोडायचा विचार करतेय.

मला लहानपणापासून शिक्षिकाच व्हायचं होतं. पहिल्या वर्षी मला शाळेतली सगळ्यात अवघड समजली जाणारी तुकडी दिली, कारण जुन्या शिक्षकांनी ती घ्यायला नकार दिला होता. वर क्रीडा दिन, वार्षिक अंक आणि सहलीची जबाबदारी, "तू तरुण आहेस" म्हणून. मी सगळं केलं. मला सिद्ध करायचं होतं.

एका मुलाच्या घरी खूप वाईट चाललं होतं. तो रोज शाळा सुटल्यावर थांबायचा आणि मला सांगायचा. मी ऐकायचे आणि घरी येऊन रडायचे. पुढे कुणाकडे बोलायचं तेच ठाऊक नव्हतं. पण मला भीती त्याची नाही वाटत. गेल्या महिन्यात तसाच एक मुलगा थांबला, तर माझ्या मनात आलं, हा लवकर जाईल तर बरं. मला काहीच वाटलं नाही. मी अशी नव्हते. मी वाईट शिक्षिका झालेय का?

वह्यांचा गठ्ठा

बाळा, नाही. वाईट शिक्षिकेने हा प्रश्न विचारलाच नसता. आठव्या वर्षी मी अगदी याच जागी होते आणि दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मनाचा कोपरा

मी समुपदेशक आहे, काही वर्षं शाळांबरोबर काम केलं आहे. नवी हजेरी, तुमच्यासाठी लिहिते.

तुम्ही जे वर्णन केलंत ते ओळखीचं आहे आणि त्याला नावही आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्याला बर्नआउट म्हटलं. मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणारे स्वयंसेवक हळूहळू रिकामे होत जाताना त्यांनी पाहिले होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजायची पद्धत मांडली. त्यात तीन भाग आहेत. पहिला, भावनिक थकवा. दुसरा, ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांच्यापासून मन तुटणं, समोरचं मूल माणूस न वाटता आणखी एक काम वाटणं. तिसरा, आपल्या हातून काही चांगलं होत नाही ही भावना. तुम्हाला जे भयंकर वाटलं, "काहीच वाटलं नाही" ते, तो दुसरा भाग आहे. फार थकलेलं मन स्वतःला वाचवायला दार लावून घेतं. तो तुमचा स्वभाव नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश केला, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळला गेल्याने उद्भवणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. अवस्था कामातून आली असेल तर दुरुस्तीही कामातच व्हायला हवी. एकट्या शिक्षकाला गोळी किंवा ध्यान देऊन भागत नाही.

मात्र हेही सांगते. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, सुट्टीच्या दिवशीही कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते केवळ कामाचा थकवा म्हणून सोडू नका. डॉक्टरांना भेटा, लवकर भेटा. नैराश्य आणि बर्नआउट वरून सारखे दिसू शकतात.

आणि त्या मुलाबद्दल. घरची दुःखं ऐकणारा शिक्षक एकटा असता कामा नये. शाळेत असं एक माणूस ठरलेलं असावं, ज्याच्याकडे शिक्षकाने हे ऐकलेलं त्याच दिवशी सोपवायचं. मूल धोक्यात असेल तर ते कळवणं कर्तव्यच आहे, पण शिक्षकाच्या मनावरचं ओझं उतरायलाही तेच लागतं. आम्हा समुपदेशकांना आमच्या कामावर बोलायला वरिष्ठ समुपदेशक असतात. शिक्षकाला कुणीच नसतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

नवी हजेरी

हे मी तीनदा वाचलं. झोपेचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. उद्या डॉक्टरांची वेळ घेते.

जुना फळा

निवृत्त मुख्याध्यापक. २ वर्षांपूर्वी खुर्ची सोडली, त्याआधी १४ वर्षं तिच्यावर होतो.

नवी हजेरी, तुझ्यावर जे लादलं गेलं ते चुकीचं होतं. आणि मीही अनेक वर्षं तेच केलं. सगळ्यात अवघड वर्ग सगळ्यात नव्या माणसाला, ही वहिवाट मला मिळाली आणि मी ती पुढे चालवली. तीन तरुण शिक्षक लागोपाठ सोडून गेले. तिसरी जाताना म्हणाली, "सर, मला कुणी एकदाही विचारलं नाही." मग नियम केला. पहिल्या वर्षी वर्गशिक्षकपद नाही, इतरांपेक्षा ४ तास कमी, आणि एका अनुभवी शिक्षकाबरोबर आठवड्यातून एक तास बसायचं, तोही वेळापत्रकात धरलेला. ते ४ तास कुणीतरी उचलावे लागले. दोन मी स्वतः घेतले. मुख्याध्यापकाने आठवड्याला थोडे तरी तास घ्यावेतच, त्याशिवाय वर्गात काय चाललंय ते कळत नाही.

आता वह्यांबद्दल, कारण धागा तिथून सुरू झाला आहे.

आमच्याकडे प्रत्येक वहीच्या प्रत्येक पानावर लाल खूण, शेरा, सही आणि तारीख असा दंडक होता. तो मी मोडला, पण आधी वाचन केलं. रूथ बटलर यांचा १९८८ चा एक प्रयोग आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांची प्रगती झाली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही, कारण गुण दिसले की मुलं शेऱ्याकडे बघत नाहीत. हे वाचल्यावर मी डोक्याला हात लावला. आमचे शिक्षक रात्री जागून गुणही देत होते आणि शेराही लिहीत होते. म्हणजे अर्धी मेहनत दुसऱ्या अर्ध्या मेहनतीने पुसली जात होती.

इंग्लंडमध्ये २०१६ मध्ये शिक्षकांच्या कामाच्या बोजावर तीन गटांचे अहवाल आले. एक तपासणीवर, एक पाठनियोजनावर, एक माहितीसंकलनावर. तपासणीच्या गटाने म्हटलं की शेरे किती दिले यावरून ते किती चांगले आहेत हे ठरत नाही.

आम्ही असं केलं. शिक्षकाने वह्या वाचायच्या, पण प्रत्येकीत लिहायचं नाही. शेजारी एक कागद घ्यायचा. कोणत्या चुका सगळीकडे दिसताहेत, कुणाचं उत्तर सुंदर आहे, कुणाजवळ जाऊन बसावं लागेल, एवढं टिपायचं. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली पंधरा मिनिटं त्या कागदावरून वर्गाशी बोलायचं आणि मुलांनी स्वतःच्या वहीत स्वतः दुरुस्ती करायची. सविस्तर लेखी शेरा सत्रातून दोनदा. तोही गुणांशिवाय.

तिसरा बाक

सर, पालक ऐकतात का हे? आमच्याकडे वहीत लाल शाई दिसली नाही तर बाई काही करत नाहीत असं म्हणतात. आणि तपासणीला अधिकारी आले की पहिल्यांदा वह्याच मागतात.

जुना फळा

पहिल्या पालकसभेत मला तासभर उभं केलं होतं. मी दोन वह्या दाखवल्या. एकीत प्रत्येक पानावर खुणा आणि शेवटच्या पानापर्यंत तीच चूक. दुसरीत लाल शाई नाही, पण मुलाने हिरव्या पेनाने स्वतः केलेली दुरुस्ती आणि पुढे ती चूक बंद झालेली. काहींना पटलं, काहींना नाही. अधिकाऱ्यांसाठी शिक्षकांचे ते कागद एका फाइलमध्ये लावून ठेवले. हे उत्तर मुख्याध्यापकाने द्यायचं असतं, शिक्षकाला पुढे करायचं नसतं. मुख्याध्यापकाच्या पगारात तेवढं धरलेलं आहे.

माझ्या टेबलावर शेवटची पाच वर्षं एक वही होती. डाव्या पानावर शाळेत सुरू केलेलं नवीन काम लिहायचं, उजव्या पानावर त्याबदल्यात बंद केलेलं काम. उजवं पान कोरं असेल तर डावीकडचं सुरू करायचं नाही. वरून आलेली कामं मला नाकारता येत नव्हती, पण आपण आपल्या हौसेने वाढवलेली कितीतरी होती. उदाहरणार्थ, एकच हजेरी आम्ही तीन ठिकाणी भरत होतो. का, ते कुणालाच सांगता आलं नाही.

वेळापत्रकवाली

सर, ही वही मी उद्याच सुरू करते.

एका शिक्षिकेचा मुलगा

मला शाळेतलं काही कळत नाही. माझी आई ३१ वर्षं प्राथमिक शिक्षिका होती. लहानपणी ती घरी आली की पहिला अर्धा तास कुणाशी बोलायची नाही. मला वाटायचं तिचं माझ्यावर प्रेम नाही, वर्गातल्या मुलांवर आहे. आज हा धागा वाचून तिला फोन केला आणि विचारलं. ती म्हणाली, "अरे, दिवसभर पन्नास मुलांशी हसून बोलल्यावर आवाजच उरायचा नाही. तुझ्यासमोर खोटं हसायचं नव्हतं मला."

मनाचा कोपरा

तुमच्या आईंनी एका वाक्यात जे सांगितलं, त्यावर आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विस्ताराने लिहिलं. त्यांनी त्याला भावनिक श्रम म्हटलं. नोकरीचा भाग म्हणून चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणं हेही श्रमच आहेत. तो अर्धा तास आईंना हवाच होता. घरच्यांनी तो द्यावा, आणि मुलांना त्याचं कारण सांगावं.

अर्धी रजा

ग्रुपबद्दल कुणी फार लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे वर्गशिक्षकांचे खाजगी नंबर पालकांना देणं बंद केलं. शाळेचा एक नंबर, कार्यालयातली व्यक्ती निरोप घेते, शिक्षक दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर देतात. तातडीचं म्हणजे काय, तेही लिहून दिलं: मूल घरी पोचलं नाही, आजारपण, अपघात. गृहपाठ तातडीचा नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. शाळेला तेवढा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. फक्त मुख्याध्यापकांनी स्वतः रात्री अकराला शिक्षकांच्या ग्रुपवर सूचना टाकायची सवय सोडली पाहिजे. आमचे सर आता सूचना रात्री लिहून ठेवतात आणि सकाळी पाठवतात.

कोरा कागद

पालक म्हणून सांगतो, असा नियम असेल तर आम्हालाही सोपं जाईल. उत्तर कधी येणार हे माहीत असलं की वाट बघता येते. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर मी आजच लिहिलं की सातनंतर बाईंना मेसेज नको. तिघांनी अंगठा दिला, एकाने ग्रुप सोडला. 

वह्यांचा गठ्ठा

धागा टाकून तीन आठवडे झाले. काय झालं ते सांगायला आले.

आम्ही पाच जणी मुख्याध्यापिकांकडे गेलो. तक्रार म्हणून गेलो नाही, हिशोब घेऊन गेलो. प्रत्येकीने दोन आठवडे घरी केलेल्या कामाचे तास लिहून काढले होते. सोबत १९६६ ची शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस नेली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांची. ज्या तारखेला ती संमत झाली, त्या ५ ऑक्टोबरला १९९४ पासून जागतिक शिक्षक दिन असतो. त्या दिवशी आम्हाला फुलं मिळतात, पण शिफारशीत काय आहे ते आमच्यातल्या कुणी वाचलं नव्हतं. शिकवण्याचे तास ठरवताना विद्यार्थ्यांची संख्या, पाठाची तयारी, मुलांच्या कामाचं मूल्यमापन आणि पालकांशी बोलणं, या सगळ्याला लागणारा वेळ धरावा, असं त्यात लिहिलं आहे.

मॅडमनी हिशोब बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या खणातून एक डबी काढून दाखवली, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. "मलाही कुणी विचारत नाही गं," म्हणाल्या. त्यांचं मी कधी मनात आणलं नव्हतं. जुना फळा सरांना याबद्दल स्वतंत्र विचारणार आहे.

सगळं मिळालं नाही. बदली तासांचा तक्ता भिंतीवर लागला. लागून दोन तास पुढच्या सत्रापासून बघू म्हणाल्या. पालकांसाठी शाळेचा एकच नंबर ठेवायचा का, ते संस्थाचालकांना विचारून ठरेल. पण पानोपानी शेरा बंद झाला, माझ्या आणि गणिताच्या विषयापुरता, एका सत्रासाठी.

काल १६८ वह्या वाचून झाल्या. लागलेला वेळ तीन तास दहा मिनिटं, त्यातला दीड तास शाळेतच. कागदावर सात चुका आणि नऊ मुलांची नावं आहेत. त्यातल्या एका मुलाने आजोबांवर इतकं सुरेख लिहिलंय की मी ते दोनदा वाचलं. आधी कधी दोनदा वाचायला सवड नव्हती.

नवी हजेरी, कशी आहेस? जमेल तेव्हा लिही.

नवी हजेरी

डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले. पंधरा दिवसांची रजा घेतलीय आणि अजून पुढचं काही ठरवलं नाही. झोप येतेय आता. त्या मुलाचं मी शाळेतल्या मोठ्या बाईंना सांगितलं, त्या त्याच्या घरी जाऊन आल्या. काल त्याने त्यांच्याजवळ माझ्यासाठी एक चिठ्ठी दिली. अजून उघडली नाही, पण उशाशी ठेवलीय.